दवाखाना जनावराच्या मापाचा

(जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



आपल्या कापसाची सरकी जिनिंगमधून तेलाच्या गिरणीत जाते आणि तिची पेंड दूधवाल्या मुलखातल्या म्हशीच्या पाटीत पडते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत गोकुळ दूध संघाचा पशुखाद्याचा कारखाना आहे. 1963 साली सुरू झालेल्या या संघाने दूध गोळा करता करता जनावरांचा डॉक्टरही गावोगाव पोचवला. तिकडे दुधाचे बिल ठरल्या दिवशी निघते, म्हणून डॉक्टरचा खर्च निघतो. आपला बैल दूध देत नाही. त्याच्यामागे कोणताही संघ उभा नाही.

आधुनिक पशुवैद्यकीय दवाखाना म्हटला की आपले पुढारी इमारतीचा नकाशा दाखवतात. कागलसारख्या वसाहतीतून उचलण्यासारखे काय आहे? टेम्पो वळेल असा रस्ता, बारमाही पाणी आणि न जाणारी वीज. लस 2 ते 8 अंश तापमानात राहिली तरच लस. नाहीतर ते पाणीच. पण कारखान्याचा गाळा बांधावा तसा दवाखाना बांधून चालत नाही. गुळगुळीत फरशीवर बैल घसरला की मोडलेल्या पायाचे दुखणे दवाखान्यातच लागायचे. फरशी खरबरीत हवी, तिला नालीकडे उतार हवा, खोड्यावर छप्पर हवे. टेम्पोच्या फळीच्या उंचीचा एक ओटा हवा, म्हणजे बसलेले जनावर दोर लावून ओढावे लागणार नाही. साथीच्या जनावराला फाटक वेगळे, पाण्याची टाकी वेगळी. 2022 साली लम्पी आला तेव्हा आजारी आणि धड जनावरे एका दारात उभी करणे किती महाग पडते, हे सगळ्यांनी पाहिले आहे. कारखान्यांच्या आसपास चरणाऱ्या जनावरांच्या पोटात तारा-खिळे जातात. तिथल्या दवाखान्याला पोट उघडण्याची सोय लागणारच.

आता औषधाच्या कपाटाकडे या. ही नक्कल मात्र करू नका. दुधाच्या मुलखात कपाटात पहिली बाटली कॅल्शियमची, कारण व्यालेली गाय आडवी पडते. आपल्याकडे काय होते? पावसाने ओढ दिली, ज्वारी गुडघाभर होऊन सुकू लागली आणि बैल दावे तोडून त्यात शिरला. किंवा कापणीनंतर धांड्याला फुटवे आले आणि गाय त्यावर चरली. कोवळ्या, ताणलेल्या ज्वारीत पोटात गेल्यावर सायनाइड सुटते. जनावर धापा टाकते, थरथरते आणि काही वेळा तासाच्या आत जाते. यावर सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट शिरेतून देतात, पण ते वेळेत दिले तर. दुसरे, कपाशीवरची फवारणी. औषध उडालेले बांधावरचे गवत खाल्ले की लाळ गळते, बुबुळ बारीक होते. त्यावर अ‍ॅट्रोपीन. दोन्ही औषधांची किंमत बैलाच्या किमतीपुढे काहीच नाही. ज्वारी-कापसाच्या मुलखातल्या दवाखान्यात ही औषधे हंगामाआधी भरलेली नसतील, तर वर दुसरा मजला चढवून काय उपयोग?

आणि अंतर. राष्ट्रीय कृषी आयोगाने 1976 साली 5,000 गुरांमागे एक पशुवैद्य हवा असे सांगितले. फिरत्या पथकांसाठी 1962 हा फोन क्रमांक आहे आणि केंद्राच्या योजनेचे माप एक लाख जनावरांमागे एक गाडी असे आहे. गाडी चांगली आहे, जरूर बोलवा. पण तासाच्या हिशेबात मरणाऱ्या बैलाला लाखाच्या हिशेबाची गाडी सापडेलच असे नाही. म्हणून विस्तार म्हणजे तालुक्याच्या दवाखान्याला खोल्या जोडणे नव्हे. हंगामाचे चार महिने आठवडी बाजाराच्या गावात पशुवैद्य बसला पाहिजे, भरलेल्या पेटीसह. फी लागली तर देऊ. फुकट डॉक्टर नसण्यापेक्षा पैसे घेणारा डॉक्टर जवळ असलेला आम्हाला परवडतो.

इंजेक्शन शिरेतून द्यायचे असते, तेव्हा पेटी गावच्या पोराच्या हाती देऊन भागणार नाही. नोंदणी झालेला पशुवैद्यच हवा. 1984 च्या कायद्यानेही तेच सांगितले आहे.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक कागद आणावा: गेल्या तीन वर्षांत किती जनावरे मेली, कोणत्या महिन्यात, कशाने, आणि दवाखाना किती लांब होता. जिल्हा परिषदेसमोर नकाशा ठेवायचा तो त्या कागदांवरून काढू.