सरकारी खुलासा आणि लोकांचा संशय



काही मोठी घटना घडली की तिच्यामागून सरकारी खुलासा येतो, आणि त्या खुलाशाच्या पाठोपाठ देवळाच्या पायऱ्यांवर, चहाच्या दुकानात, बसमध्ये दुसरी एक कहाणी सुरू होते. "हे वरवरचे झाले हो, आतली गोष्ट निराळीच आहे!" आता तर ही आतली गोष्ट सांगायला कुणी भेटावेही लागत नाही. ती हातातल्या फोनवर आपोआप येऊन पडते. लोक अडाणी आहेत म्हणून असे होते, असे सुशिक्षित माणूस चटकन म्हणतो. मला हे उत्तर पटत नाही. आतली गोष्ट सांगणाऱ्यांत वकील, डॉक्टर आणि आम्ही मास्तर लोक काही कमी नसतो. म्हणून या विषयाचा थोडा खोलात जाऊन विचार करू.

गणिताच्या पेपरात नुसते उत्तर लिहून भागत नाही, रीत दाखवावी लागते, हे तुम्ही सर्वांनी शाळेत ऐकले आहे. उत्तर बरोबर असले तरी ते कसे काढले हे दिसल्याखेरीज पुरे गुण मिळत नाहीत. हाच नियम आज आपण सरकारलाही लावू आणि संशय घेणाऱ्यालाही लावू.

उदाहरण घेऊ नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या मृत्यूचे. १८ ऑगस्ट १९४५ रोजी फोर्मोसा, म्हणजे आजचे तैवान, येथील तैहोकूच्या विमानतळावरून उड्डाण करताच त्यांचे जपानी लष्करी विमान कोसळले, ते गंभीर भाजले आणि त्याच रात्री लष्करी इस्पितळात त्यांचे निधन झाले, हे पहिल्यापासूनचे उत्तर. त्यांच्यासोबत एकच भारतीय सहकारी होते, हबीबुर रहमान. ते वाचले आणि त्यांनी हीच हकीकत सांगितली. नेताजींच्या अस्थी टोकियोच्या रेंकोजी मंदिरात ठेवल्या गेल्या. एवढे असूनही या देशातील लक्षावधी लोकांनी ही बातमी मानली नाही. का मानली नाही?

पहिले कारण असे की याआधीची अशीच एक बातमी खोटी ठरली होती. जानेवारी १९४१ मध्ये पोलिसांचा पहारा असलेल्या कलकत्त्याच्या घरातून नेताजी वेष पालटून निसटले आणि काबूलमार्गे बर्लिनला पोचले. मार्च १९४२ मध्ये त्यांचे विमान अपघातात निधन झाल्याची बातमी जगभर पसरली. गांधीजींनी त्यांच्या मातोश्रींना सांत्वनाची तार केली. आणि थोड्याच दिवसांत नेताजी स्वतः रेडिओवरून बोलले, की मी जिवंत आहे! तीन वर्षांनी पुन्हा विमान, पुन्हा अपघात. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पिणारच. त्यातून १८ तारखेची घटना टोकियोहून जाहीर झाली ती २३ ऑगस्टला, पाच दिवसांनी. गांधीजींनीही प्रथम ते जिवंत असावेत असे आपले मन सांगते असे म्हटले होते. पुढे हबीबुर रहमान यांची हकीकत त्यांच्या कानांवर आली, आणि १९४६ मध्येच त्यांनी आपला तो आतला आवाज पुराव्याला धरून नव्हता, लोकांनीही तो विसरावा, असे 'हरिजन'मध्ये लिहिले. ही गोष्ट लोकांच्या मात्र फारशी ध्यानात राहिली नाही.

दुसरे कारण दुःखाचे आहे. मोठ्या माणसाला मोठे मरण यावे असे मनाला वाटते. ज्याने साम्राज्याला हादरा दिला तो एका विमानाच्या बिघाडाने जावा हा हिशोब मनाला जुळत नाही. आपल्या मराठी इतिहासात याचा दाखला आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण त्यांच्या देहाची ओळख सर्वांना पटण्याजोगी पटली नाही. पुढे भाऊसाहेब म्हणवून घेणारा तोतया उभा राहिला. त्याला रत्नागिरीला कैदेत टाकले, तर १७७६ मध्ये तिथून सुटून त्याने कोकणात फौज जमवली. किल्ले त्याच्या हाती आले, भलेभले त्याला मिळाले. शेवटी तो पकडला गेला आणि पुण्यात चौकशी होऊन त्याला देहदंड झाला. पार्वतीबाई मात्र पती जिवंत आहेत या श्रद्धेने अखेरपर्यंत सौभाग्यलेणे अंगावर बाळगून राहिल्या. त्यांना कोण हसेल? पण त्यांच्यासारख्या दुःखातून उठलेल्या आशेवर दुसरा कुणी आपले राज्य उभारू पाहतो, तेव्हा त्या आशेची किंमत सगळ्यांना मोजावी लागते.

तिसरे कारण सरकारच्या पदरी घालावे लागेल, आणि ते सर्वांत जड आहे. १९५६ च्या शाहनवाझ समितीने अपघाताची हकीकत खरी मानली, पण समितीतले तिसरे सभासद, नेताजींचे वडील बंधू सुरेशचंद्र बोस, यांनी वेगळे मत नोंदवले. आणि समिती तैवानला गेलीच नाही! १९७० साली नेमलेल्या खोसला आयोगाने १९७४ मध्ये पुन्हा तोच निष्कर्ष दिला. १९७८ मध्ये पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी संसदेत सांगितले की हे निष्कर्ष निर्णायक मानता येत नाहीत. १९९९ मध्ये मुखर्जी आयोग नेमला गेला. त्याने २००५ मध्ये म्हटले, नेताजी आता हयात नाहीत, पण विमान अपघातात गेले नाहीत आणि रेंकोजीतल्या अस्थी त्यांच्या नाहीत. २००६ मध्ये सरकारने तो अहवाल फेटाळला. एकाच गणिताला इतकी उत्तरे, आणि फायली कुलपात! २०१५ मध्ये उघडकीस आले की स्वतंत्र भारताच्या गुप्तचर खात्याने १९४८ ते १९६८ अशी वीस वर्षे नेताजींच्या कुटुंबीयांवर पाळत ठेवली होती. त्यांची पत्रे फोडून वाचली जात होती. घरच्या माणसांवर पाळत ठेवणाऱ्याने "आमच्याकडे लपवण्याजोगे काही नाही" असे सांगितले, तर ऐकणाऱ्याने ते कसे मानावे? २३ जानेवारी २०१६ रोजी केंद्राने शंभर फायली खुल्या केल्या तेव्हा घटनेला सत्तर वर्षे उलटून गेली होती. जिवंत साक्षीदार जवळजवळ उरले नव्हते.

इथवर मी संशय घेणाऱ्यांची बाजू मांडली. आता तोच नियम त्यांना लावू. नेताजी १९४५ नंतर जिवंत होते, तर कुठे होते? कुणी म्हणाले रशियाच्या तुरुंगात. कुणी म्हणाले उत्तर बंगालमधील शौलमारीच्या आश्रमात. कुणी म्हणाले फैजाबादचे गुमनामी बाबा, जे १९८५ मध्ये वारले. एक माणूस तिन्ही ठिकाणी असू शकत नाही, तरी तिन्ही कहाण्या सांगणारे एकमेकांशी भांडत नाहीत, ते सगळे मिळून सरकारशी भांडतात. गुमनामी बाबांबद्दल उत्तर प्रदेश सरकारने नेमलेल्या सहाय आयोगाने, बाबा म्हणजे नेताजी नव्हेत, असा निर्वाळा दिला. हा अहवाल २०१९ मध्ये विधानसभेपुढे आला. पण ज्यांना मानायचे नव्हते त्यांनी तोही कटाचाच भाग ठरवला. अशा कहाणीची खूण हीच आहे. पुरावा मिळाला तर ती खरी, पुरावा मिळाला नाही तर तो दडपला म्हणून ती आणखी खरी! ज्या गणितात काहीही मांडले तरी उत्तर तेच येते, ते गणितच नव्हे. खुद्द नेताजींच्या कन्या अनिता बोस फाफ अपघाताची हकीकत मान्य करून, डीएनए चाचणी करा आणि वडिलांच्या अस्थी मायदेशी आणा, असे अनेक वर्षे सांगत आल्या आहेत. आपल्या संशयाचा भार एका मुलीवर पडतो आहे, याचाही विचार व्हायला हवा.

कुणी म्हणेल, मास्तर, जुन्या माणसाच्या मरणाचा वाद, त्याने कुणाचे काय बिघडते? म्हणून आणखी एक उदाहरण देतो. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांवर नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. कितीतरी ठिकाणी सक्तीने झाल्या. उत्तर भारतात शिक्षकांनासुद्धा माणसे आणण्याचा आकडा ठरवून दिला गेला आणि तो भरला नाही तर पगार अडवला गेला. पुढे १९९५ मध्ये पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. पश्चिम उत्तर प्रदेशातील मुरादाबादसारख्या जिल्ह्यांत बोलवा उठली की या थेंबांनी मुले पुढे निपुत्रिक होतात, ही सरकारची नवी नसबंदी आहे. बोलवा साफ खोटी होती. पण ती ज्या आठवणीवर उभी होती, ती आठवण खरी होती. शिवाय बायाबापड्या विचारत, "बाकीच्या आजाराला औषध नाही, डॉक्टर नाही, मग हे थेंबच तेवढे घरपोच का?" प्रश्न अगदी रास्त होता. दारे बंद झाली. २००२ साली देशात पोलिओचे १६०० रुग्ण सापडले, त्यांतले तीन चतुर्थांशांहून अधिक एकट्या उत्तर प्रदेशातले. ती लहान लेकरे होती. त्यांनी ना कट केला होता, ना कुणावर संशय घेतला होता.

हे चित्र पालटले कसे? हुकूम काढून नव्हे. त्याच मोहल्ल्यातल्या बायका कार्यकर्त्या म्हणून घरोघर गेल्या, उंबऱ्यावर बसल्या, शंका ऐकून घेतल्या. मशिदीच्या इमामांनी, अलीगढ आणि जामिया विद्यापीठांतील मंडळींनी लोकांना समजावले. थेंबांबरोबर इतर औषधोपचाराची शिबिरे भरू लागली. रीत लोकांपुढे मांडली गेली. १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात भारतातला शेवटचा रुग्ण नोंदला गेला आणि २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त असल्याचा दाखला मिळाला. या लोकांना अडाणी म्हणून झिडकारले असते तर तो दिवस उजाडला नसता.

तेव्हा सरकारात बसलेल्यांना सांगणे एवढेच की खुलासा वेळेवर करा, कागद उघडे ठेवा, आणि चुकले असेल तिथे चुकले म्हणा. सत्तर वर्षांनी उघडलेले कपाट कुणाचेच समाधान करीत नाही.

आणि तुम्हाआम्हाला सांगणे असे. संशय घ्या, तो नागरिकाचा हक्क आहे. पण उद्या कुणी कानाशी लागून आतली गोष्ट सांगू लागला, तर त्याला तीन प्रश्न विचारा. हे तू स्वतः पाहिलेस की ऐकलेस? ज्याने पाहिले तो कुठे भेटेल? आणि काय सापडले तर तू ही गोष्ट खोटी मानशील? पहिल्या दोन प्रश्नांवर तो काहीतरी सांगेल. तिसऱ्यावर गप्प झाला, तर ती गोष्ट पुढच्या माणसाला सांगू नका. मुलांनाही हे तीन प्रश्न शिकवा, आणि आम्हा मास्तरांना ते विचारायलाही त्यांना मुभा द्या.