भांडें आणि पाण्याची परीक्षा

बिनकल्हईच्या पितळी भांड्यांत ठेवलेलें ताक कळकतें. हळद लागलेला प्लास्टिकचा डबा कितीहि घासला तरी पिवळा राहतो, कांचेची बरणी मात्र धुतांच स्वच्छ होते. हळदीच्या पेठेसाठीं प्रसिद्ध असलेल्या हिंगोली-वसमतच्या गृहिणींस हें शिकवावें लागत नाहीं. भांडें आंतल्या पदार्थास कांहीं देतें, किंवा त्याच्यांतून कांहीं घेतें. पाण्यांतील संप्रेरकें, अर्थात् हॉर्मोन, मोजणाऱ्या प्रयोगशाळांपुढें ह्याच दोन अडचणी असतात.

समजा, हिंगोलीजवळून वाहणाऱ्या कयाधूचें पाणी तपासावयाचें आहे. मनुष्यांच्या व जनावरांच्या मलमूत्रावाटें एस्ट्राडायोल हें स्त्री-संप्रेरक सांडपाण्यांत उतरतें. तें लिटरमागें नॅनोग्रॅममध्यें, म्हणजे ग्रॅमच्या अब्जांश भागांत, मोजावें लागतें. इतक्या अल्प मात्रेची चिंता कशाला, अशी शंका सुज्ञ श्रोत्यांस येईल. कॅनडांतील ओंटारिओ प्रांताच्या एका तलावांत २००१ ते २००३ या काळांत गर्भनिरोधक गोळ्यांतील कृत्रिम संप्रेरक लिटरमागें सुमारें ५ ते ६ नॅनोग्रॅम राहील अशा बेतानें सोडलें. तेथील एका जातीच्या लहान माशांची वस्ती जवळ जवळ नष्ट झाली.

हीं द्रव्यें पाण्यापेक्षां स्निग्ध पदार्थांत अधिक रमतात. म्हणून रबर व सिलिकोनच्या नळ्या, कांहीं प्लास्टिकें आणि नायलॉनच्या गाळण्या तीं शोषून घेतात. यंत्र अचूक असूनहि आंकडा कमी येतो, आणि दूषित पाणी निर्दोष ठरतें.

उलट प्रकारहि घडतो. बोस्टन येथील टफ्ट्स विद्यापीठांत ॲना सोटो व कार्लोस सोनेनशाइन यांस असें आढळलें कीं, संप्रेरक न घालतांहि पेशी वाढत आहेत; हें त्यांनीं १९९१ सालीं प्रसिद्ध केलें. पॉलिस्टायरिनच्या नळ्यांतून नोनिलफिनॉल झिरपत होतें. निर्जंतुक करण्यासाठीं वाफेवर तापविलेल्या पॉलिकार्बोनेटच्या चंबूंतून बिस्फेनॉल-ए उतरतें, असें स्टॅनफर्डच्या संशोधकांनीं १९९३ सालीं प्रसिद्ध केलें. दोन्ही द्रव्यें स्त्री-संप्रेरकासारखें वागतात. पेशींची वाढ हीच जेथें मोजपट्टी, तेथें असें भांडें खोटी साक्ष देतें आणि निर्मळ पाण्यावर आळ येतो.

यास्तव नमुना तपकिरी कांचेच्या बाटलींत घेतात आणि रिकामी झालेली बाटली मिथेनॉलनें विसळून तें विसळणेंहि तपासणींत धरतात. कारण कांचहि थोडें धरून ठेवतेच. शिवाय शुद्ध पाणी त्याच भांड्यांतून व नळ्यांतून नेऊन पाहतात: कांहीं आढळलें तर तें भांड्याचें. मग ठाऊक असलेली मात्रा घालून ती किती परत मिळते हें मोजतात: उणें पडलें तर कोठें तरी तें अडकलें. या दोन कसोट्या ज्या अहवालांत नाहींत, त्यांतील आंकडा नदीचा कीं बाटलीचा, हें सांगतां येत नाहीं.