बाबा, न्यूट्रल काढा ना!

आधी एक विनंती. टू-व्हीलरवर हेडफोन लावून ऐकत असाल तर आत्ता पॉज करा, पोचल्यावर ऐका. आजचा विषयच तो आहे.

गेल्या वर्षी जूनमध्ये आम्ही साताऱ्याहून पुण्याला परत येत होतो. गाडी बाबा चालवत होते, मी शेजारी, आई मागे. बाबांचं वय 61. कात्रजचा नवा बोगदा संपला आणि नवले पुलाकडचा तो लांबलचक उतार सुरू झाला. बाबांनी सवयीप्रमाणे गिअर काढला आणि गाडी न्यूट्रलमध्ये सोडली. "पेट्रोल वाचतं रे." हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय.

उताराच्या शेवटी ट्रॅफिक तुंबलेलं होतं. पुढे एक टँकर उभा. बाबांनी ब्रेक दाबला, पाय जरा उचलला, परत दाबला. टँकरच्या मागच्या पत्र्यापासून हातभर अंतरावर आम्ही थांबलो. जळका वास येत होता. मागून धप्प आवाज आला, आई पुढच्या सीटवर आपटली होती. कपाळावर टेंगूळ, मनगटाला प्लास्टर, सहा आठवडे. तिने बेल्ट लावला नव्हता. लावणार तरी कसा? सीट कव्हर बसवताना मागची बकलं कव्हरखाली दाबली गेली होती. चार वर्षं आमच्यापैकी कोणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

पुण्याच्या लोकांना नवले पूल वेगळा सांगायला नको. नोव्हेंबर 2022 मध्ये तिथे एका ट्रकने एकामागून एक कितीतरी गाड्या चिरडल्या होत्या. डिझेल वाचवायला ड्रायव्हरने उतारावर इंजिन बंद केलं होतं, असं तेव्हा पोलिसांनी सांगितलं. बातमी वाचून बाबाच म्हणाले होते, "काय मूर्ख माणूस आहे!"

घरी आल्यावर मी वाद घातला आणि हरलो. "तू जन्मायच्या आधीपासून गाडी चालवतोय मी. एक तरी अ‍ॅक्सिडेंट दाखव." यावर काय बोलणार?

मग मी जे मला येतं ते केलं. ऑनलाइन एक ओबीडी डोंगल मागवलं. स्टिअरिंगच्या खाली एक पोर्ट असतो, त्यात ते लावायचं, मग गाडीच्या कॉम्प्युटरचा डेटा ब्लूटूथने मोबाईलवर दिसतो. एका रविवारी सकाळी मी एकटाच त्याच उतारावर गेलो. तिसऱ्या गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढून उतरलो. अ‍ॅपवर इंधनाच्या ओळीत स्टेटस बदललं: वेग कमी होत असल्याने इंधन बंद. म्हणजे इंजेक्टर पेट्रोल सोडतच नव्हते. चाकंच इंजिनला फिरवत होती. न्यूट्रल केल्यावर चाकं आणि इंजिन यांचा संबंध तुटतो, मग इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जाळावंच लागतं. लहान पेट्रोल गाडी आयडलला तासाला साधारण पाऊण लिटरच्या आसपास पिते. त्या उताराच्या चार मिनिटांत झाले 50 मिली, म्हणजे पाचेक रुपये. बाबा पाच रुपये वाचवत नव्हते, पाच रुपये घालवत होते!

आता बाबांची बाजूही सांगतो. ते गाडी शिकले तेव्हा कार्ब्युरेटर होते. त्यात असं इंधन तोडणारा कॉम्प्युटर नव्हता, त्यामुळे न्यूट्रलचा हिशेब तेव्हा अगदीच येडचाप नव्हता. नंतर गाडी बदलली. माणसाला मात्र कोणी अपडेट पाठवलं नाही. सॉफ्टवेअरमध्ये आपण दर पंधरा दिवसांनी पॅच पाठवतो, आणि लायसन्स एकदा काढलं की थेट म्हातारपण. आज तिशीच्या आत लायसन्स काढलं तर ते चाळिशीपर्यंत चालतं, मधे कोणी काही विचारत नाही.

आणि पैसे बाजूला ठेवा, खरा मुद्दा ब्रेकचा आहे. गिअरमध्ये असताना इंजिन स्वतःच गाडीला मागे ओढत असतं. न्यूट्रलमध्ये तो सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक म्हणजे घर्षण, घर्षण म्हणजे उष्णता. पॅड तापत गेले की पकड कमी होते, दाबलं तरी गाडी नीट थांबत नाही. इंजिनच बंद केलं तर आणखी वाईट. ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम इंजिनमधून येतो, त्यामुळे दोन-तीन वेळा दाबल्यावर पॅडल दगडासारखं होतं. स्टिअरिंगही जड होतं.

मी हा सगळा डेटा स्क्रीनशॉटसकट बाबांना दाखवला. बाबा म्हणाले, "मोबाईल काय, काहीही दाखवतो."

मग दिवाळीला मामा आला. मामा एसटीतून रिटायर झालेला ड्रायव्हर, आयुष्यभर घाट केलेला. जेवताना आईने विषय काढला. मामा भाकरी मोडता मोडता म्हणाला, "दाजी, ज्या गिअरला घाट चढतो त्याच गिअरला उतरायचा. न्यूट्रलला गाडी आपली राहत नाही." एवढंच. बाबा म्हणाले, "हो, ते आहेच." मी आईकडे बघितलं, आईने माझ्याकडे. माझी 800 रुपयांची डोंगल कपाटात आहे, कोणाला हवी असेल तर सांगा.

पण बाबांनी नंतर मला गाठलंच. "मला शिकवतोस, तू स्वतः हायवेला पुढच्याच्या किती मागे असतोस?" मी म्हटलं, भरपूर. ते म्हणाले, मोज. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी पोचली की मोजायला लागायचं, आपण त्याच खांबापाशी पोचेपर्यंत निदान दोन सेकंद जायला हवेत. पावसात चार. माझं एक सेकंदही होत नव्हतं. ताशी 80 ला गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा, 33 मीटर तिथेच गेले. मग कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी साधारण 35. म्हणजे 70 मीटर, आणि मी 20 मीटरवर चिकटून चालवत होतो. बीटेकच्या पहिल्या वर्षाला हेच गणित मी पेपरात सोडवलं होतं, पैकीच्या पैकी मार्क होते.

लायसन्सही मला 18 व्या वर्षी मिळालं ते आठवतंय. कॉम्प्युटरवर लर्निंगची परीक्षा, 60 टक्के बरोबर आले की पास. मग एजंटबरोबर गेलो, पन्नासेक मीटर गाडी पुढे नेली, थांबवली, झालं. रात्री, पावसात किंवा घाटात मी कधीच शिकलो नव्हतो. जोरात ब्रेकही कधी मारून बघितला नव्हता. 2021 च्या नियमांत मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग ट्रेनिंग सेंटरसाठी कारचा कोर्स 29 तासांचा ठेवलाय, त्यातले 21 तास प्रत्यक्ष चालवण्याचे. माझे स्वतःचे तास मोजले तर सहा भरतील का, शंका आहे.

म्हणून जानेवारीत आम्ही सगळे एका नव्या लेआउटमधल्या रिकाम्या रस्त्यावर गेलो. सकाळी साडेसहा, चिटपाखरू नाही. ताशी 40 ला जायचं आणि जीव खाऊन ब्रेक दाबायचा. बाबांनी दाबला, एबीएसने पॅडल थरथरलं, कडकड आवाज आला आणि बाबांनी पाय उचलला. "मोडलं काय रे काही?" काही मोडलं नव्हतं, एबीएस तसाच आवाज करतो. पाय दाबूनच ठेवायचा, स्टिअरिंग वळतं. 2019 पासून नव्या गाड्यांना हे सक्तीचं आहे, पण ते वापरतात कसं हे सांगायची सक्ती नाही. मीही पहिल्यांदा पाय उचललाच. चौथ्या वेळेला जमलं.

बहीण स्कूटर घेऊन आली होती. "पुढचा ब्रेक मारला की पडतो," म्हणून ती कायम मागचाच दाबते. ब्रेक मारल्यावर सगळं वजन पुढच्या चाकावर येतं, त्यामुळे थांबवण्याचं जास्त काम तोच करतो. झटका न देता, दोन्ही ब्रेक एकत्र, दाब वाढवत नेऊन. तासाभरात तिचं थांबायचं अंतर बघण्यासारखं कमी झालं. ऐकणाऱ्यांत निम्मे तरी टू-व्हीलरवाले असणार म्हणून सांगतो: 2022 मध्ये देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली आणि त्यातली जवळपास 44 टक्के टू-व्हीलरवर होती. बहिणीचं हेल्मेटही त्या दिवशी बघितलं. आयएसआयचं होतं, पट्टा मात्र कधीच लावलेला नव्हता.

सीट कव्हर मी स्वतः ब्लेडने कापलं. 4 सप्टेंबर 2022 ला पालघरजवळ सायरस मिस्त्री गेले, ते मागच्या सीटवर बेल्टशिवाय बसले होते. आईला हे मी तेव्हाही सांगितलं होतं, उपयोग शून्य. आता प्लास्टर निघाल्यापासून ती बसल्या बसल्या बेल्ट लावते आणि वर आम्हाला ओरडते.

एक गोष्ट अजून बाकी आहे आणि ती मला जड जातेय. बाबांना रात्री समोरच्या हेडलाइटभोवती वलय दिसतं. मोतीबिंदूची सुरुवात आहे, असं डॉक्टर म्हणाले. साठाव्या वर्षी लायसन्स रिन्यू केलं तेव्हा मेडिकल सर्टिफिकेट लागलं होतं, पण तेव्हा दिवसाउजेडी भिंतीवरची अक्षरं वाचून दाखवायची होती. ती त्यांनी धडाधड वाचली. ऑपरेशन होईपर्यंत अंधार पडल्यावर गाडी मी चालवायची, असं ठरलंय. ठरलंय म्हणजे मी म्हटलं आणि ते गप्प बसले. परवा लग्नाहून परतताना पार्किंगमध्ये त्यांनी काही न बोलता किल्ली माझ्याकडे दिली, आणि शेजारी बसून घरापर्यंत माझे सेकंद मोजत होते.

तुमच्या घरात कोणी न्यूट्रलवाले असतील आणि तुम्ही त्यांना कसं पटवलं, हे व्हॉइस नोटमध्ये पाठवा. विशेषतः ज्यांना मामा नाही त्यांनी. भेटू पुढच्या शनिवारी.