दुसरा जिना

२४ मे २०१९ रोजी सुरतेतील एका व्यापारी इमारतीस आग लागली आणि तेथील शिकवणीवर्गातील २२ विद्यार्थी मृत्युमुखी पडले. वरच्या मजल्याचा जिना लाकडी होता; तोच पेटल्याने कित्येकांनी खिडक्यांतून उड्या घेतल्या.

ही घटना महाविद्यालयांच्या चालकांनी ध्यानी ठेवावयास हवी. नुसता दुसरा जिना असून भागत नाही. त्याच्या दारास कुलूप नसावे, पायऱ्यांवर मोडकी बाके रचलेली नसावीत. आगीच्या वेळी लिफ्ट टाळावी, धुरातून वाकून जावे, बाहेर ठरल्या जागी जमून हजेरी द्यावी, ही कवाईत सत्रारंभीच व्हावी. भीतीच्या क्षणी पाय सवयीच्या वाटेनेच धावतात. म्हणून दुसऱ्या जिन्याची सवय निवांतपणीच लावून घ्यावयास हवी.