राखणदाराची चौकशी

बाजारात बैल घ्यायचा म्हटलं म्हणजे आपण किती चौकशी करतो! दात पाहतो, खांदा चाचपतो, दहा पावलं चालवून बघतो. सोयरीक जुळवायची असली तर विचारूच नका. पण ज्यांच्या हाती आपलं लेकरू दिवसभर सोपवतो, तो शाळेचा शिपाई, वसतिगृहाचा राखणदार, मुलांची ने-आण करणारा गाडीवाला, किंवा अंथरुणाला खिळलेल्या आईजवळ ठेवलेली बाई, यांची चौकशी कितीशी करतो? पूर्वी कोण कुणाचा, कसा, हे पारावर बसल्या बसल्या कळायचं. आता माणसं पोटासाठी जिल्हे ओलांडतात. तेव्हा ही ओळख सरकारी दप्तरातून पटवून घ्यावी लागते. ही चौकशी पक्की तर हवीच, पण सोपीही हवी. ती का, हे आज सांगायचं आहे.

इंग्लंडमध्ये केंब्रिजशायर परगण्यात सोहॅम नावाचं एक लहान गाव आहे. तिथल्या एका शाळेत २००१ च्या नोव्हेंबरात देखभालीसाठी एक माणूस कामावर आला. पोलिसांकडे रीतसर विचारणा झाली आणि त्याच्याविरुद्ध काही निघालं नाही. २००२ च्या ऑगस्टमध्ये त्याच माणसाने गावातल्या १० वर्षांच्या दोन मुलींचा खून केला.

मागाहून उघड झालं ते असं. तो पूर्वी दुसऱ्या परगण्यात राहत होता. तिथल्या पोलिसांपुढे त्याच्याविषयी मुलींच्या व बायकांच्या बाबतीत अनेक तक्रारी आल्या होत्या. त्यांपैकी एकीतही शिक्षा झाली नव्हती. प्रत्येक तक्रार सुटी पाहिली गेली आणि नोंदीही नीट राखल्या गेल्या नाहीत. त्यात त्याची नावं दोन. आधीचं नाव त्याने अर्जात लिहिलं होतं, तरी तपासणी झाली ती नव्या नावाचीच! आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं, म्हणतात ते हेच.

या प्रकरणाची सर मायकेल बिचर्ड यांनी चौकशी करून २००४ साली अहवाल दिला. पुढे २००६ मध्ये कायदा झाला. पण कारभार दोन कचेऱ्यांत वाटलेला होता. डिसेंबर २०१२ मध्ये त्या दोहोंची मिळून एकच कचेरी केली. दुसरी अडचण होती सेवा करणाऱ्यांची. काम बदललं की नवा अर्ज, नवा दाखला, पुन्हा वाट पाहणं. त्यावर २०१३ पासून एक सोय झाली. दाखला मिळालेल्या माणसाने वर्षाला थोडी फी भरून नाव नोंदवून ठेवावं. त्याच प्रकारच्या दुसऱ्या कामावर गेला, तर नव्या मालकाने मूळ दाखला पाहावा, आणि त्या माणसाच्या संमतीने संगणकावर बघावं, की दाखल्यानंतर काही नवं निघालं आहे का. विनावेतन सेवा करणाऱ्यांना ही फी माफ आहे.

आता आपल्याकडे या. मुलांना लैंगिक अत्याचारापासून जपणारा कायदा, ज्याला पोक्सो म्हणतात, तो २०१२ चा. त्याच्या २०२० च्या नियमांत स्पष्ट सांगितलं आहे, की शाळा, पाळणाघर, वसतिगृह, खेळाची प्रबोधिनी, जिथे म्हणून मुलांशी नित्य संबंध येतो, तिथल्या प्रत्येक कर्मचाऱ्याची ठराविक काळाने पोलीस पडताळणी झाली पाहिजे. शिक्षक असो वा शिक्षकेतर, कायम असो वा कंत्राटी. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या एका शाळेत सफाईच्या कंत्राटी कामगारावर दोन चिमुकल्या मुलींवरील अत्याचाराचा आरोप आला. महाराष्ट्रभर संताप उसळला आणि शासनाने शाळांना पडताळणीबाबत पुन्हा बजावलं.

नियम आहे, मग अडतं कुठे? समजा, ऊसतोडीला गेलेल्या मजुरांच्या मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृह उघडलं. स्वयंपाकाला एक बाई हवी. काम चार-सहा महिन्यांचं. दाखल्यासाठी तिने खेटे घालायचे, तेवढी मजुरी बुडवायची, आणि पुढच्या हंगामात पुन्हा तेच. मुख्याध्यापक कंटाळून म्हणतात, 'राहू द्या, ओळखीची बाई आहे.' ती बाई खरोखरच सज्जन असेल. पण अशी सवलत एकदा पडली, की तिच्या मागून ठेकेदाराचा अनोळखी माणूसही बिनचौकशीचा आत येतो. चौकशी किचकट केली म्हणजे ती कडक झाली, असं नाही. किचकट चौकशी लोक टाळतात, आणि तिथेच कुंपणाला भगदाड पडतं.

म्हणून एकाची पडताळणी एकदा नीट व्हावी, ती मुदतीपर्यंत सगळीकडे चालावी, आणि मध्ये काही नवं घडलं तर ते संबंधितांना कळावं, अशी व्यवस्था आपल्याकडेही व्हायला हवी. लैंगिक गुन्ह्यांबाबत देशपातळीवरची एक नोंदवही २०१८ पासून पोलिसांना उपलब्ध आहे. तिचा उपयोग खालपर्यंत पोहोचला पाहिजे.

तोवर शिक्षक बंधुभगिनींनी काही गोष्टी कराव्यात. अर्जात सगळी नावं लिहून घ्या. आपल्याकडे बाईचं माहेरचं नाव एक नि सासरचं दुसरं. आधी राहिलेली गावं लिहून घ्या. जुन्या मालकाला स्वतः विचारा. चारित्र्य दाखल्याचा अर्ज आता ऑनलाइनही करता येतो; ज्या बाईला तो जमत नाही, तिला शाळेतच भरून द्या. तिचा एक दिवस वाचेल. दाखल्याची तारीख वहीत ठेवा. आणि न्यायाने वागा. बांधाच्या भांडणातली जुनी फिर्याद वेगळी, लेकराला इजा केल्याची नोंद वेगळी. एकीपायी गरिबाची भाकरी हिरावू नका, दुसरीकडे डोळेझाक करू नका.

शेवटचं सांगतो. दाखल्यात तेवढंच असतं, जेवढं कुणीतरी आधी सांगितलं आणि कुणीतरी लिहून ठेवलं. मूल एकाएकी शाळेला जायला भ्यायलं, अमक्या काकांच्या गाडीत बसणार नाही म्हणालं, तर त्याला दटावू नका. जवळ घेऊन ऐका. गुन्हा कळूनही तो न कळवणं हाही पोक्सोखाली गुन्हाच आहे. पोलिसांना कळवा. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे. तो शाळेच्या भिंतीवर, मुलांना वाचता येईल अशा उंचीवर, उद्याच लिहून टाका.