दोन दिवसांचा पट्टा

आम्ही बचत गटातल्या चौघी आज तुमच्याशी बोलतोय. आवाज एकीचाच ऐकू येईल, पण बसून लिहिलंय चौघींनी, म्हणून ‘आम्ही’.

गोष्ट आमच्या गावच्या शाळेतली आहे, पण तिचं मूळ फार लांब आहे, अमेरिकेत. म्हणून आधी तिकडची सांगतो.

अमेरिकेत आयोवा नावाचं राज्य आहे. मक्याचा मुलूख. तिथल्या राइसव्हिल नावाच्या छोट्या शेतकरी गावात जेन एलियट या बाई तिसरीचा वर्ग शिकवायच्या. गाव सगळं गोऱ्यांचं. ४ एप्रिल १९६८ ला मार्टिन ल्यूथर किंग यांचा गोळी घालून खून झाला. काळ्या लोकांना बरोबरीनं वागवा, यासाठी झटणारा हा माणूस. दुसऱ्या दिवशी वर्गात विषय निघाला, की त्यांना का मारलं? ज्या पोरांच्या गावात काळा माणूसच राहत नाही, त्यांना हे समजावणार कसं? बाईंनी समजावलं नाही, करून दाखवलं. वर्गाचे दोन भाग केले, डोळ्यांच्या रंगावरून. एक निळ्या डोळ्यांचे, दुसरे तपकिरी डोळ्यांचे.

पुढं दरवर्षीच्या वर्गाला त्या हा धडा देऊ लागल्या. १९७० साली त्याची फिल्म निघाली, तीच आम्ही पाहिली. पहिल्या दिवशी बाई म्हणाल्या, निळ्या डोळ्यांची पोरं हुशार, चांगली. त्यांना मधल्या सुट्टीत पाच मिनिटं जास्त. तपकिरी डोळ्यांच्या गळ्यात कापडी पट्टा, म्हणजे लांबूनच ओळखू यावीत. त्यांना जेवणात दुसऱ्यांदा वाढून मिळणार नाही. आणि पाण्याच्या नळाला तोंड लावायचं नाही, कागदी पेल्यातून प्यायचं.

पेला आला आणि आम्ही एकमेकींकडे बघितलं. आपल्याकडच्या बायांना हे वेगळं सांगायला नको.

सकाळी एकत्र खेळणारी पोरं दुपारपर्यंत बदलली. ‘तपकिरी डोळ्या’ ही शिवी झाली. तशी हाक मारली म्हणून एका पोरानं दुसऱ्याच्या पोटात गुद्दा मारला. डोळे कालही तेच होते की! दुसऱ्या दिवशी बाईंनी उलटं केलं. म्हणाल्या, काल मी खोटं बोलले, तपकिरी डोळ्यांचेच चांगले. पट्टे इकडचे तिकडे गेले. आमच्या मनाला लागलं ते वाचनाच्या कार्डांचं. पट्टा असताना तपकिरी डोळ्यांच्या पोरांना कार्डांचा गठ्ठा वाचायला साडेपाच मिनिटं लागली. पट्टा काढल्यावर तोच गठ्ठा अडीच मिनिटांत झाला. पोरं तीच, कार्डं तीच. आपल्या शाळेत एखाद्या वस्तीच्या पोरांना ‘यांच्या डोक्यात शिरतच नाही’ असं म्हणतात, तेव्हा ही अडीच मिनिटं आठवावीत.

१९८५ साली आणखी एक फिल्म आली. त्यात त्या वर्गातले अकरा जण मोठे होऊन परत बाईंना भेटायला आलेले दिसतात. तो धडा ते विसरले नव्हते. बाईंवर टीकाही पुष्कळ झाली, की आठ-नऊ वर्षांच्या लेकरांना असं रडवायचं का? गावातल्या कित्येकांनी त्यांच्याशी वाकडं धरलं. आम्हाला वाटतं, बाईंचा हेतू खरा होता आणि टीका करणाऱ्यांचा प्रश्नही खरा होता.

आता आमच्या शाळेकडे येतो. आमचे गुरुजी तरुण आहेत, उत्साही आहेत. ७ नोव्हेंबरला, विद्यार्थी दिनाला, दरवर्षी भाषणं होतात. बाबासाहेब याच तारखेला साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले होते. गुरुजी म्हणाले, यंदा भाषणं नकोत, चौथीच्या वर्गात हा प्रयोग करू. जन्ममहिन्यावरून गट पाडू. (आमच्या पिढीत हे जमलंच नसतं. दाखल्यावर निम्म्या गावाचा जन्म १ जूनचा!) एक चांगलं केलं त्यांनी, आधी पालकांना बोलावून फिल्म दाखवली आणि विचारलं.

बहुतेकींनी माना डोलावल्या. मग आमच्या गटातली एक ताई उठली. ती खालच्या वस्तीत राहते. म्हणाली, “गुरुजी, त्या पोरांचा पट्टा दुसऱ्या दिवशी सुटला. माझ्या पोरीचा कधी सोडणार? तिला गळ्यात कापड बांधून शिकवायची गरज नाही. तिला ते येतं.”

वर्गात कोणी बोललं नाही. गुरुजी खाली बघत राहिले.

बाबासाहेबांनी लिहून ठेवलंय, शाळेत बसायला त्यांना वेगळं गोणपाट असायचं, ते संध्याकाळी घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं. शिपायानं नळ सोडला तर पाणी, शिपाई नसला तर तहानलेलं राहायचं. राइसव्हिलच्या वर्गात सगळी पोरं एकाच रंगाची होती, म्हणून तिथं तो खेळ करता आला. आपल्या वर्गात तो आधीच चालू आहे. ज्यांच्या गळ्यात पट्टा कधी पडला नाही त्यांना चटका बसावा, म्हणून ज्यांच्या गळ्यात तो रोज आहे त्यांना परत बसवायचं, हे आम्हाला पटलं नाही.

प्रयोग झाला नाही. त्याऐवजी गुरुजींनी आठवडाभर नुसतं पाहिलं, खिचडीच्या वेळी कोण कुठं बसतं. कागदावर उतरवलं आणि आम्हाला दाखवलं. पोरं वस्ती-वस्तीनं बसत होती. कोणी सांगितलेलं नव्हतं. आता हजेरीच्या क्रमानं पंगत बसते. दोघींनी येऊन तक्रार केली, त्यातली एक आमच्याच गटातली. तिच्याशी आम्ही भांडलो नाही, पण पंगतही बदलू दिली नाही.

तो कागद पाहून आम्ही आमचं गटाचं वहीखातं काढलं. महिन्याची बैठक आम्ही आळीपाळीनं घरोघरी घेतो, असं आम्ही सगळ्यांना सांगतो. नऊ वर्षांची वही आहे. खालच्या वस्तीत आमच्या तीन सभासद आहेत. त्यांच्या घरी झालेल्या बैठका मोजल्या. एकही नाही. त्यांनी कधी बोलावलं नाही, असं आम्ही म्हणत होतो. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, “तुम्ही चहा घ्याल का, ते माहीत नव्हतं.”

या महिन्याची बैठक त्या ताईच्या घरी आहे, रविवारी दुपारी तीनला. अकराजणी येणार म्हणाल्यात. चौघींनी अजून काही सांगितलेलं नाही. ताईनं चहाची पावडर पंधराजणींच्या हिशेबानं आणून ठेवली आहे.