इंजिनावरची अक्षरे आणि घरातली आठवण

(पाटणकर बाजार, ग्वाल्हेर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



साहित्याच्या व्यासपीठावर वाफेच्या इंजिनांचे काय काम, असे कोणाला वाटेल. पण आपल्या घरांत रेल्वेतल्या नोकरीच्या गोष्टी निघतात तेव्हा त्यांत माणसे असतात, बोलणे असते, फक्त साल नसते. रेल्वेच्या नोंदीत साल असते, आकडे असतात, माणूस नसतो. या दोन नोंदी शेजारी ठेवून कशा वाचायच्या, एवढाच आजचा विषय आहे.

वाफेचे इंजिन गावोगाव फिरले तरी त्याला घर असते. त्या घराला शेड म्हणतात. कोळसा-पाणी भरणे, राख काढणे, ठरावीक दिवसांनी बॉयलर धुणे ही कामे शेडमध्ये होतात. परक्या गावी इंजिन बिघडले तर ते कोणाचे, हे चटकन कळावे म्हणून शेडची खूण अंगावर लागते. इंग्लंडात एलएमएस रेल्वेने १९३५ साली जिल्ह्याचा आकडा आणि एक अक्षर अशी पद्धत आणली. १ए म्हणजे विल्सडन, ५ए म्हणजे क्रू नॉर्थ. ग्रेट वेस्टर्न रेल्वे नुसती अक्षरे रंगवीत असे. तिचे पीडीएन वाचून पॅडिंग्टन आठवते, पण शेड होती ओल्ड ओक कॉमनला. म्हणजे कोड गावाचे नाव सांगतोच असे नाही. आपल्याला हे नवे नाही. दौलतराव शिंद्यांची छावणी उठून दोनशे वर्षे झाली, तरी आपण ‘लष्कर’मध्येच राहतो.

या खुणा टिपणारे लोकही होते. १९४२ साली, ऐन युद्धात, लंडनच्या वॉटर्लू कचेरीतील इयान ॲलन या तरुण कारकुनाने सदर्न रेल्वेच्या इंजिनांची छोटी यादी छापली. इंजिनांविषयी विचारणारी पत्रे सतत येत, त्यांना उत्तर म्हणून ही यादी. पुढे शाळकरी मुले वही-पेन्सिल घेऊन फलाटावर उभी राहू लागली. त्यांचा तो छंद होता. इतिहासाच्या अभ्यासकाला आज त्या वह्या साधन म्हणून उपयोगी पडतात, कारण कोणते इंजिन कोणत्या दिवशी कुठे होते, हे त्यांत लिहिलेले आहे.

आता आपल्याकडे येऊ. दुसऱ्या महायुद्धात इथली काही इंजिने मध्यपूर्वेत गेली, रेल्वेच्या कारखान्यांत युद्धसामग्री तयार होऊ लागली, काही फाट्यांचे रूळही उखडले. कांगडा खोऱ्यातल्या छोट्या लाइनचा नगरोटा ते जोगिंदरनगर हा तुकडा असाच गेला, तो १९५४ साली पुन्हा सुरू झाला. इंजिनांची तूट भरून काढण्यासाठी अमेरिका आणि कॅनडातून ब्रॉडगेजची इंजिने आली. अमेरिकेची एडब्ल्यूडी, एडब्ल्यूई आणि एडब्ल्यूसी, कॅनडाची सीडब्ल्यूडी. यांतले पहिले अक्षर देश सांगते. लेखकाने हे ध्यानात ठेवावे. युद्धाच्या अखेरच्या काळातल्या कथेत झाशीकडे जाणाऱ्या गाडीला सीडब्ल्यूडी जोडलेले चालेल. पण निमुळत्या तोंडाचे, पुढे तारा असलेले डब्ल्यूपी चालणार नाही. ते १९४७ साली आले.

ग्वाल्हेरच्या छोट्या लाइनची अक्षरेही अशीच बोलतात. माधवराव शिंद्यांच्या काळातली ही दोन फुटी लाइन म्हणजे ग्वाल्हेर लाइट रेल्वे, जीएलआर. १९४२ साली तिचे नाव सिंदिया स्टेट रेल्वे झाले, म्हणजे एसएसआर. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी ती जीआयपी आणि निजामाच्या रेल्वेबरोबर मध्य रेल्वेत सामील झाली. तेव्हा जुन्या पेटीत एसएसआर छापलेला पास सापडला, तर तो १९४२च्या आधीचा नाही, हे नक्की. मात्र उलट बाजूने जपून चालावे. नाव बदलले म्हणून जुने छापील फॉर्म कोणी फेकून देत नाही, आणि इंजिनाचा रंगही आदेशाच्या मागून येतो. जीएलआर असलेला कागद १९४२नंतरही वापरात असू शकतो. बोलण्यात तर जुने नाव पिढ्यान्‌पिढ्या टिकते. आजोबा ‘जीएलआर’ म्हणाले, एवढ्यावरून साल ठरवू नये. त्यांनी सांगितलेली बदली, बढती किंवा लग्न यांच्याशी ते ताडून पाहावे.

इंजिनांची बाजू इंग्रजीत बऱ्यापैकी नोंदलेली आहे. ह्यू ह्यूज यांच्या ‘इंडियन लोकोमोटिव्ह्ज’च्या चार भागांपैकी एक १९४० पर्यंतच्या नॅरोगेजसाठी आहे, आणि चौथा भाग १९४१ पासून सुरू होतो. कोणते इंजिन कोणी बांधले, कधी आले, हे तिथे मिळेल. पण पाळीवर जाताना फायरमन डब्यात काय नेत असे, मराठी घरात ‘साहेब लाइनवर गेलेत’ म्हणजे काय समजत, मराठी ड्रायव्हर हिंदी बोलणाऱ्या खलाशाला कोणत्या भाषेत दटावीत असे, हे तिथे मिळणार नाही. ते फक्त आपल्याकडे आहे, आणि दिवसेंदिवस कमी होते आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस एनडीएम-५ डिझेल इंजिने आली. २०२० साली श्योपूरपर्यंतची जवळपास दोनशे किलोमीटरची छोटी लाइनही थांबली. तिथे आता ब्रॉडगेज येते आहे. ज्यांनी वाफेवर काम केले ते आज म्हातारे आहेत.

म्हणून अध्यापकांना माझी विनंती आहे. पदव्युत्तर वर्गातल्या प्रत्येक विद्यार्थ्याला एक घर द्या. त्याने रेल्वेच्या नोकरीतल्या माणसाचे बोलणे त्याच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. हिंदी मिसळलेली असेल तर ती तशीच ठेवावी, शुद्ध करू नये. पास, पगाराची चिठ्ठी, फोटो जे निघेल त्यावरची अक्षरे आणि आकडे जसेच्या तसे टिपावेत, पुसट असतील तर पुसट म्हणून लिहावेत. खाली तारीख, जागा आणि सांगणाऱ्याचे वय घालावे. सांगणाऱ्याची परवानगी असेल तेवढेच छापावे. मग आकड्याने आठवण तपासावी आणि आठवणीने आकडा. एका वर्षात पंधरा घरे झाली तरी पुढच्या अंकासाठी पुरेसा मजकूर होईल, आणि ग्वाल्हेरच्या मराठीचे असे शब्द हाती लागतील जे अजून कोणत्याही कोशात गेलेले नाहीत.